माईच्या लग्नाला का आलो नाही

लातूर,
मार्गशीर्ष, पहिला आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीच्या, माईच्या लग्नाला मी आलो नाही, हे तुझ्या मनात अजून सलतंय, ते मला ठाऊक आहे. दिवाळीला फोन केला तेव्हा तू घरातल्या सगळ्यांची चौकशी केलीस, माझी तेवढी राहिली. तुझा राग खोटा नाही. 'तब्येत बरी नाही' एवढाच निरोप मी धाडला आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी मला गंजगोलाईत भाजी घेताना पाहिलं. तुझ्या जागी मी असतो तरी हेच समजलो असतो. फोनवर हे सांगायला जमेना, म्हणून लिहायला बसलोय.

सुरुवात फाल्गुनात झाली. पहाटे चारच्या सुमारास झोपेतच उजव्या कुशीवर वळलो आणि खोली फिरायला लागली. पंखा, ट्यूबलाइट, खुंटीवरचा शर्ट, सगळं एका अंगाला ओढलं जाई, परत जागेवर येई, पुन्हा ओढलं जाई. आपल्या भागातल्या माणसाच्या मनात अशा वेळी दुसरं काय येणार? मी ओरडलो, "भूकंप! पोरांना घेऊन बाहेर पळा!"

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुला वेगळी सांगायला नको. गणपती बोळवून आपण नुकतेच निजलो होतो. ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं, त्यानंतर कित्येक महिने आपण पत्र्याखाली झोपलो, आणि दगडी भिंतीला पाठ लावून बसायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. त्याच भीतीने हिनं पोरांना ओढत अंगणात नेलं. मी उंबरा धरून रांगत बाहेर आलो. बाहेर सगळं शांत होतं. शेजारी झोपलेले. तुळशीपाशी कुत्रं निवांत पडलेलं. ही हळू आवाजात म्हणाली, "अहो, काहीच हललं नाही." तोवर माझंही थांबलं होतं. सगळा प्रकार मिनिटभराचा.

मग दवाखाने सुरू झाले. एकाने पित्त सांगितलं, एकाने बीपी, तिसऱ्याने मानेचा मणका. मानेला पट्टा बांधून आणि चक्करेच्या गोळ्या खाऊन दोन महिने काढले. त्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, पण कुशीवर वळलं की खोली फिरायचीच. मग मी वळणंच सोडलं. उशा रचून अर्धा बसून झोपायचो. चपलेचा अंगठा नीट करायला वाकायचो नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायचो नाही. डोक्यावर भरली घागर घेतल्यासारखा चालायचो. शाळेच्या व्हरांड्यातून भिंतीला हात लावत जाताना मागे कुणीतरी म्हणालं, "गुरुजींनी सकाळी सकाळीच घेतलेली दिसतीय." मी माळकरी माणूस. ते वाक्य काळजात रुतलं ते रुतलंच.

लग्नाच्या दिवशी मी निघालो होतो, गड्या. माईची साडी पिशवीत घालून जीपमध्ये बसलो. औशाच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, पिशवी पायाशी पडली. ती उचलायला वाकलो आणि पुन्हा तेच. उतरलो, रस्त्याकडेच्या लिंबाखाली उलट्या झाल्या. तासाभराने बरं वाटायला लागलं. पुढे येता आलं असतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तुझ्या मांडवात, तुझ्या व्याह्यांसमोर माझा तोल गेला असता, तर लोक काय समजले असते? लेकीच्या लग्नात बापाचा जिवलग मित्र पिऊन आला, हेच. त्या भीतीने मी माघारी फिरलो. आजारापेक्षा लाज मोठी झाली. तुझी माफी मागायची आहे ती यासाठी.

जूनमध्ये एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पट्टा काढायला लावला. मला कॉटवर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि एकदम मागे निजवलं, डोकं कॉटच्या कडेखाली जरा लोंबतं ठेवून. "डोळे मिटायचे नाहीत," म्हणाले. दोनचार सेकंद काही झालं नाही, मग खोली फिरली. मी कॉटची लोखंडी पट्टी घट्ट धरली. डॉक्टरांनी हिला जवळ बोलावलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघायला सांगितलं. माझी बुबुळं आपोआप झटके देत फिरत होती. ही बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिने जे फक्त मला दिसत होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला दिसलं. औषधाने बरं वाटावं, तसं मला तेवढ्यानेच वाटलं.

ही तपासणी डिक्स आणि हॉलपाईक या दोघांनी १९५२ मध्ये मांडली. साधा कॉट लागतो, मशिन नाही. तरी मला चार महिने लागले, याचं वाईट वाटतं. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी. डोकं वळलं की त्या पाण्याच्या हालचालीवरून मेंदूला कळतं, आपण किती फिरलो. त्यांच्या शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात. आपल्या काळ्या रानात नांगराला चुनखडीचे खडे लागतात ना, तीच जात, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक. वयाने किंवा डोक्याला मार लागून ते कण सुटतात आणि नळीत उतरतात. मग डोकं थांबलं तरी कण गडगडत राहतात, आणि मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय. पाय म्हणतात थांबलोय, कान म्हणतो फिरतोय.

उपायही त्याच कॉटवर झाला. एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९९२ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. आधी डोकं उजवीकडे, थोडं थांबून डावीकडे, मग अख्खं अंग कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे, मग हळूच उठून बसायचं. कण नळीतून घरंगळत परत पिशवीत. दहा मिनिटं लागली नाहीत. त्या रात्री मी उजव्या कुशीवर झोपलो.

पुढचे काही आठवडे मात्र गादीवर पाय ठेवल्यासारखं चालणं होतं. त्याला कारण माझं दोन महिन्यांचं अवघडून राहणं. डॉक्टर म्हणाले, तोल डोळे, तळपाय आणि कान अशा तिघांच्या जिवावर असतो, आणि डोकं हलवल्याशिवाय मेंदू नवा हिशोब शिकत नाही. आता रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका आकड्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी करतो. भाद्रपदात एकदा परत आलं, परत कॉटवर झोपलो, गेलं. पुन्हा येऊ शकतं, ते मी धरून चाललोय. पण चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसायला लागलं, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना, तर ते कानाचं समजून घरी बसायचं नाही, तडक मोठा दवाखाना. तुझं बीपी आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणखी एक. तुझी आई, आपल्या सगळ्यांची बाई, आठवते का भाकरी थापता थापता थांबायची? परातीची कड धरून डोळे मिटायची आणि म्हणायची, "भवळ आली रे, कानात भुंगा बसलाय." तास-तास तशीच पडून राहायची. पुढे त्या कानाने ऐकू येईना झालं. कुणी नजर उतरवली, कुणी अंगात काही आहे म्हणालं, आपण दोघं खेळायला पळालो. चक्कर, कानात आवाज आणि कमी ऐकू येणं हे तिन्ही मिळून कानाचं दुखणं असतं, हे मेनियर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्येच लिहून ठेवलंय. बाईचं तेच होतं की नाही, हे आता कोण सांगणार? पण ती खरं बोलत होती, एवढं मला आता कळतं. लिंबाखाली बसलो होतो तेव्हा मला तिची ती परातीची कड आठवली होती.

वेळ अमावस्येला, मार्गशीर्षातल्या आपल्या शेतपूजेच्या सणाला येतो. येऊ ना? सकाळी ऊन चढल्यावर निघेन. ढेकळांतून मला एकट्याला चालवू नको, बांधावरनं ने आणि उजव्या अंगाला तू राहा. आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घ्यायचा आग्रह यंदा नको, ते काम तुझ्या पोराला दे. भज्जी आणि बाजरीचे उंडे कडब्याच्या कोपीत बसून पोटभर खाऊ. संध्याकाळी गवताचा हेंडगा पेटवून तुम्ही शेताला फेरी मारा, मी कोपीपाशी बसून बघेन. परतताना अंधार पडलेला असेल. अंधारात डोळ्यांचा आधार जातो, तर मोठी बॅटरी तेवढी आठवणीने घे.

माई आणि जावई त्या दिवशी येणार का, ते कळव. साडी अजून माझ्या कपाटात आहे, तिच्या हातात द्यायची आहे.

तुझाच,
गुरुजी