आंब्याची साल आणि बाठा खड्ड्यात का?

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी आंब्याच्या सालीतल्या मँगिफेरिन या औषधी म्हणवल्या जाणाऱ्या घटकाचे गोडवे वाचले. हसू आलं आणि थोडा रागही आला. ज्या सालीचं एवढं कौतुक, ती आम्ही दर मे महिन्यात खड्ड्यात लोटतो.

राजापूर तालुक्यात माझं आंब्याचं छोटं कॅनिंग युनिट आहे. टनभर हापूस आला की साधारण निम्मा रस होऊन डब्यात जातो. उरतं ते साल, बाठे आणि रस काढायच्या यंत्राच्या, म्हणजे पल्परच्या, चाळणीवरचा चोथा. सकाळी काढलेली साल संध्याकाळी आंबूस वास मारते, दुसऱ्या दिवशी ढिगावर चिलटं घोंघावतात. शेजारी तक्रार करतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. मग ट्रॉली भरायची आणि बंद पडलेल्या चिरेखाणीत नेऊन ओतायची. पाऊस लागला की त्याचं काळं पाणी वहाळाला मिळतं.

आता या ढिगात काय काय असतं ते बघा. सालीत पेक्टिन भरपूर. जॅम-जेली घट्ट व्हायला आम्ही जे पेक्टिन विकत आणतो, ते प्रामुख्याने लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून काढलेलं असतं. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कारखान्यातला चोथा आम्ही पैसे मोजून घेतो आणि आपला फेकतो! बाठ्याचं तर विचारूच नका. आतली कोय वाळवली तर तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश मिळतो. तो कोकोच्या लोण्यासारखा, एरवी घट्ट आणि तोंडात विरघळणारा. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो निर्देश काढला, त्यात कोको बटरखेरीज पाच टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांची यादी आहे. त्यात आंब्याच्या कोयीचं तेल आहे आणि आपलं कोकमाचंही आहे.

कोकमाच्या बाबतीत आमच्या आज्या-पणज्या या यादीची वाट बघत बसल्या नव्हत्या. आमसुलं घातली की बिया राखेत चोळून वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढायचं आणि मुठीत दाबून मुठेल करायचं. भेगाळलेल्या टाचांना आजही तेच लागतं. पोट बिघडलं तर आंब्याची कोय उगाळून देत. तिचा तुरटपणा कामाला येत असावा.

पण सालीची पावडर 'सर्व रोगांवर रामबाण' म्हणून खपवणाऱ्या जाहिराती मला पटत नाहीत. मँगिफेरिनचे गुण प्रामुख्याने प्रयोगशाळेत दिसलेले आहेत. माणसाने रोज किती घ्यावं, हा वेगळा प्रश्न. आमच्याकडे साल काढणाऱ्या बायकांपैकी काहींच्या बोटांच्या बेचक्यांत चिकाने पुरळ उठतं, खोबरेल लावून त्या काम करतात. नैसर्गिक आहे म्हणजे सोसेलच, हे त्यांना सांगून बघा. दुसरं, तुडतुड्या किडीसाठी बागेत कीटकनाशकांच्या फवारण्या होतात. रसात साल जात नाही. पण सालीचा अर्क काढायचा म्हटलं, तर सालीवर जे राहिलं असेल त्याचाही अर्क निघेल. तेव्हा अशा मालाला अवशेष तपासणीचा दाखला सक्तीचा हवा.

खरी अडचण वेळेची आहे. ओला बाठा ढिगात राहिला की कोय काळी पडते, बुरशी धरते, तेल खवट होतं. त्याच दिवशी वाळवायला हवं, आणि वळवाच्या दिवसांत उन्हाचा भरवसा नाही. ड्रायर आणि बाठे फोडायचं यंत्र मला एकट्याला परवडणारं नाही, कारण जेमतेम दोन महिन्यांचा हंगाम. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत सामायिक सुविधांनाही ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. त्यातून तालुक्यात एक वाळवणी केंद्र निघालं तर आंब्यामागून कोकमाच्या बिया आणि पुढेमागे काजूची बोंडंही तिथे येऊ शकतील. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आम्हा युनिटवाल्यांना एकत्र बोलावून कोणत्या तापमानाला किती वेळ वाळवायचं, एवढं जरी प्रत्यक्ष दाखवलं तरी आम्ही बाठे वेगळे ठेवायला तयार आहोत. बैठक जानेवारीपूर्वी व्हावी. एकदा आंबा सुरू झाला की आम्हाला जेवायलाही फुरसत नसते.

— एक कॅनिंग व्यावसायिक, राजापूर (जि. रत्नागिरी)