आमचा इन्स्टॉलर मार्गी लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या हिशेबाच्या आमच्या प्रोग्रामची बिल्ड स्क्रिप्ट (इन्स्टॉलर आपोआप तयार करणाऱ्या आज्ञांची फाइल) तुम्ही ओळीओळीने तपासून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. जावातला डेस्कटॉप प्रोग्राम विंडोजवर पोचवणाऱ्या इतरांनाही तुमच्या सूचना मिळाव्यात, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत.

सगळ्यांत मोठं ऋण अपग्रेड कोडचं, म्हणजे नवी आवृत्ती जुन्याच प्रोग्रामची आहे हे विंडोजला कळवणाऱ्या ओळखक्रमांकाचं. इन्स्टॉलर बनवणाऱ्या जेपॅकेज या जावाच्या साधनाला 'विन-अपग्रेड-यूयूआयडी' या पर्यायातून हा कोड दिला नाही, तर तो व्हेंडर (प्रोग्राम देणारी संस्था) आणि प्रोग्रामचं नाव यांवरून स्वतःच कोड काढतो. पुढे कधी व्हेंडरच्या नावात 'प्रा. लि.' जोडलं, किंवा नुसतं एक टिंब वाढलं, तरी कोड बदलतो. विंडोजला नवी आवृत्ती म्हणजे वेगळाच प्रोग्राम वाटतो आणि ग्राहकाच्या मशीनवरच्या प्रोग्रामच्या यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी दिसतात. तुम्ही कोड एकदाच तयार करून स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहायला लावलात. त्याच्याच शेजारी आवृत्ती क्रमांकाची टीप होती: एमएसआयमध्ये (विंडोजच्या इन्स्टॉलर फाइलमध्ये) पहिले दोन आकडे २५५ पर्यंत आणि तिसरा ६५५३५ पर्यंतच चालतो, म्हणजे '२०२५.१' असा वर्षावरून क्रमांक देता येत नाही. आणि क्रमांक न वाढवता पुन्हा बिल्ड केलं, तर जुन्यावर बसवताना १६३८ ही त्रुटी येते. म्हणून दर बिल्डला तिसरा आकडा वाढलाच पाहिजे.

जेपॅकेज एमएसआय बनवताना ज्याची मदत घेतो, त्या विक्स या साधनसंचाबद्दलची एक ओळही फार मोलाची. जेडीके (जावात प्रोग्राम बनवण्याचा संच) १७ किंवा २१ मधला जेपॅकेज 'कँडल' आणि 'लाइट' ही विक्स ३ ची साधनं शोधतो. विक्स ४ मध्ये ती नाहीतच, त्यामुळे नवीन ते चांगलं म्हणून ४ टाकलं की 'विक्स सापडत नाही' असा संदेश येतो. जेडीके २४ पासून ४ आणि ५ चालतात, त्याआधी ३.१४ टाकून पाथमध्ये (विंडोज साधनं शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) घालायचं.

प्रोग्रामसोबत द्यायच्या जावाच्या भागांची, म्हणजे मॉड्यूलची, गोष्ट तर सहज नजरेतून सुटते. कोणती मॉड्यूल लागतात हे शोधणारा जेडेप्स फक्त थेट वापरलेले क्लास पाहतो. सर्व्हिस म्हणून, म्हणजे प्रोग्राम चालू असताना आडून लागणारी मॉड्यूल त्याला दिसत नाहीत. जेडीके २१ पर्यंत 'जेडीके.क्रिप्टो.ईसी' घालायचं राहिलं, तर काही सर्व्हरशी एचटीटीपीएस जोडणी हँडशेकलाच (जोडणीच्या पहिल्याच टप्प्यावर) तुटते. 'जेडीके.लोकेलडेटा' घालायचं राहिलं, तर पावतीवर 'जानेवारी', 'फेब्रुवारी' ही मराठी नावं येत नाहीत. डेव्हलपरच्या मशीनवर पूर्ण जेडीके असतो, तिथे सगळं नीट दिसतं. आकार वाढेल ही भीतीही तुम्ही घालवलीत: निवडक मॉड्यूलचा जावा बांधणाऱ्या जेलिंकच्या 'इन्क्लूड-लोकेल्स'ने फक्त मराठी आणि भारतीय इंग्रजी ठेवता येतं.

प्रोग्रामचं नाव देवनागरीत द्यायचा मोह आम्हांला होता. विक्सचा डेटाबेस १२५२ कोडपेजचा (रोमन लिपीच्या अक्षरसंचाचा) असतो, त्यात देवनागरी अक्षरं मावत नाहीत, आणि लाइट ३११ क्रमांकाची त्रुटी देऊन थांबतो. पॅकेजचं नाव रोमन लिपीत आणि खिडकीच्या मथळ्यावर मराठी, हा तुमचा तोडगा आम्हांला मनापासून पटला.

डेटाबेस आणि लॉग 'प्रोग्राम फाइल्स'मधून 'लोकलॲपडेटा'मध्ये हलवायलाही तुम्हीच सांगितलंत, कारण साध्या वापरकर्त्याला 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहिण्याची परवानगी नसते. डिजिटल सहीचा क्रमही तुमचाच: आधी 'ॲप-इमेज' (प्रोग्रामचं तयार फोल्डर) तयार करायची, आतल्या ईएक्सईवर (प्रोग्राम सुरू करणाऱ्या फाइलवर) सही करायची, मग त्या इमेजवरून एमएसआय बनवून त्यावर दुसरी सही. नुसत्या एमएसआयवर सही केली, तर बसल्यानंतरचा ईएक्सई बिनसहीचाच राहतो. टाइमस्टँप (सही केव्हा केली याची खूण) न लावल्यास प्रमाणपत्राची मुदत संपताच सहीसुद्धा संपते, हे तुम्ही लाल अक्षरांत लिहिलं होतं.

आता प्रत्येक एमएसआय आम्ही विंडोज सँडबॉक्स या तात्पुरत्या, कोऱ्या विंडोजमध्ये बसवून पाहतो. तिथे जावा नाही, जुनी नोंद नाही, आणि बंद केलं की सगळं पुसलं जातं. आधी जुनी आवृत्ती बसवायची, तीत एक पावती करायची, मग नवी. यादीत एकच नोंद आणि पावती जागेवर, एवढं पाहिल्यावरच फाइल ग्राहकाकडे जाते.

तुमचे ऋणी,
हिशेब प्रोग्रामवर काम करणारे आम्ही सगळे