दाढीचा क्लेम पास करून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही, अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं 'ताई'. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावच्या मराठी मंडळींपैकी निम्म्यांना तरी ओळख पटेलच, त्याला माझा इलाज नाही. घरी येऊन आभार मानायला गेले तर तुम्ही "बरं बरं, जेवून जा" म्हणून विषय मिटवता. पण तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या इतर जणींच्याही कामाचं आहे, म्हणून हे चारचौघांत.

मी ट्रान्स बाई, चाळिशी उलटल्यावर बाई म्हणून राहायला लागले. हार्मोन्स, नाव, ऑफिस, एकेक करत सगळं मार्गी लागलं. दाढी मात्र हटेना. एकदा आलेली दाढी हार्मोन्सनी जात नाही. लेझर केसातल्या काळ्या रंगावर चालतो आणि माझी हनुवटी तोवर निम्मी पांढरी झालेली. उरलं इलेक्ट्रोलिसिस. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, करंट सोडायचा, केस चिमट्याने उचलायचा, मग शेजारचा. एका वेळी एकच. सगळे केस एकदम वाढीला लागलेले नसतात, आज न दिसलेला दोन महिन्यांनी डोकं वर काढतो. त्यामुळे भरघोस दाढीला शंभराच्या वर तास सहज लागतात, आणि इथे तासाला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात. इन्शुरन्सने पाठवलेल्या नकारपत्रात कारण म्हणून एकच शब्द होता: कॉस्मेटिक.

ते पत्र घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी तयारी वेगळ्याच प्रश्नांची होती. हे असं का, घरच्यांना काय वाटतं, एवढं गरजेचं आहे का. तुम्ही मिरजेत नर्सिंग शिकलेल्या, इथे डॉक्टरांच्या ऑफिसात बिलिंग करण्यात हयात गेलेली. तुम्ही चष्मा लावलात, पत्र उलटसुलट करून पाहिलंत आणि विचारलंत, "कोड कुठला घातलाय?" ताई, त्या प्रश्नाने मला केवढं हलकं वाटलं ते तुम्हाला सांगूनही कळायचं नाही. माझ्या दाढीत तुम्हाला रस नव्हताच. चूक कोडात आहे की कागदात, एवढंच तुम्हाला बघायचं होतं.

बिलावर प्रत्येक उपचाराचा एक ठरलेला कोड असतो. इलेक्ट्रोलिसिसचा तो बरोबर होता, १७३८०. चूक आकड्यात होती. हा कोड अर्ध्या तासाचा असतो, म्हणजे एका तासाला दोन युनिट. बिलात तासाला एकच लावलं होतं. पुढे तर नावच जुळत नव्हतं. कार्डावर जुनं, बिलावर नवं. "आधी हे नीट कर, मग भांडू," असं म्हणालात. आणि भांडायचं म्हणजे फोनवर आवाज चढवायचा नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. फोन केला की तारीख, बोलणाऱ्याचं नाव, कॉलचा रेफरन्स नंबर वहीत. "ज्या नियमावर बोट ठेवून नाकारलंत तो लेखी पाठवा," हे वाक्य तर मला आता झोपेतही म्हणता येतं.

नियम आला. त्यात ऑपरेशनआधी त्या जागेचे केस काढायचा खर्च मंजूर, चेहऱ्याचा नाही. मी खचले. तुम्ही म्हणालात, हा झाला कंपनीचा सर्वसाधारण नियम, तुझ्या प्लॅनचा कागद कुठाय? माझा प्लॅन नोकरीतला, पैसे खुद्द एम्प्लॉयरचे, इन्शुरन्सवाले फक्त कारभार बघणारे. असा प्लॅन एरिसा या नोकरीतल्या योजनांसाठीच्या १९७४ च्या अमेरिकन कायद्याखाली येतो, आणि लेखी मागितला तर प्लॅनचा पूर्ण दस्तऐवज द्यावाच लागतो. त्या जाडजूड गठ्ठ्यात चेहरा वगळल्याची एक ओळही नव्हती. तुम्ही पेन्सिलीने समासात बारीक टिक केलीत. तुमचा जल्लोष तेवढाच.

मग डॉक्टरांचं पत्र. आधीचं पत्र म्हणजे चार गोड ओळी होत्या, त्या तुम्हाला मुळीच आवडल्या नाहीत. नव्यात ट्रान्स असण्याच्या निदानाचा कोड एफ ६४.०, केस पांढरे असल्यामुळे लेझर निरुपयोगी हे स्पष्ट शब्दांत, दर आठवड्याला किती तास लागतील ते, आणि डब्ल्यूपॅथ या ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीतल्या मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला. चेहऱ्यावरचे केस काढणं हा त्यांच्या मते उपचाराचाच भाग आहे. पुढची अडचण अशी की इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे त्यांच्याशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत, इलेक्ट्रोलिसिस करणारं कुणीच नाही. यादीतल्या एकेका त्वचारोगतज्ज्ञाला फोन लावून "आम्ही करत नाही" हे तारखेनिशी लिहून घ्यायला लावलंत, आणि त्या वहीच्या जोरावर यादीबाहेरच्या इलेक्ट्रोलिसिसवाल्या बाईंकडे जायची खास परवानगी मागितली. न्यू जर्सीत या कामाला राज्याचं लायसन्स लागतं (नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये लागत नाही, याचं मला अजून नवल वाटतं), त्यामुळे तो कागद त्यांच्याकडे होता. नव्हता तो एनपीआय, म्हणजे उपचार करणाऱ्यांना सरकारकडून मिळणारा ओळख नंबर. तो फुकट मिळतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तुम्ही त्यांच्या काउंटरवर बसून अर्ज भरून दिलात.

ज्या जणी आज नकारपत्र हातात धरून बसल्या असतील त्यांच्यासाठी तुमचंच सांगणं पुढे करते. आतल्या अपिलाला १८० दिवस असतात. तेही फेटाळलं आणि वाद वैद्यकीय गरजेचा असेल, तर बाहेरच्या तटस्थ तपासणीसाठी चार महिन्यांत अर्ज करता येतो. "पहिल्या नकाराला माणसं घरी बसतात, यावरच त्यांचं चालतं," हे तुमचं मत. माझं दुसऱ्या अपिलात झालं, बाहेर जावं लागलं नाही.

आता दुखण्याचं. इथे तुमच्यातली बिलिंगवाली मागे सरली आणि नर्स पुढे आली.

गाल, मान सहन होतं. नाकाखालची जागा म्हणजे शिक्षा. सुई आत गेली की डोळ्यांतून आपोआप पाणी, पाठोपाठ शिंक. शिंकेच्या आधी हात वर करायचा, नाहीतर सुई भलतीकडे. आमच्या बाई ब्लेंड पद्धतीने करतात. करंटमुळे त्वचेतल्या मिठापाण्यापासून मुळाशी कणभर कॉस्टिक सोडा तयार होतो, जोडीला उष्णता, आणि दोन्ही मिळून मूळ मारतात. ऐकायला रंजक, सोसायला नाही. मी वैतागून नेटवरून कुठलीशी जालीम बधिरीची क्रीम मागवणार होते. तुम्ही फोनवरच थांबवलंत आणि त्या दोन मुलींबद्दल सांगितलंत, एक बावीस वर्षांची, एक पंचवीस. लेझरआधी पायांना अशीच तीव्र क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं, झटके आले, कोमात गेल्या, परतल्या नाहीत. २००७ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, त्यावर जाहीर इशारा काढला होता. सुन्न करणारं औषध कातडीवाटे रक्तात जातं, जितकी जागा मोठी आणि जितकं झाकलेलं, तितकं जास्त. त्यानंतर डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी लिग्नोकेन-प्रिलोकेनची क्रीम, त्या दिवशी करायच्या तेवढ्याच जागेवर, तासभर आधी, आणि किती लावायची तेही डॉक्टरांना विचारून. ओठासाठी तर तुम्ही सरळ दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. दाढ काढताना देतात तसं इंजेक्शन, वरचा ओठ अख्खा बधिर, आणि त्या दोन-तीन तासांत नाकाखालचं काम उरकायचं. हे मला एकटीला सात जन्मांत सुचलं नसतं.

बारीकसारीक गोष्टी तर किती. रिकाम्या पोटी जायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं, त्या सकाळी कॉफी नाही. घरी आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ, खपली नखाने काढायची नाही. तुमच्या वहिनींनी हळदीचा लेप सुचवला तेव्हा "लाली आहे की हळद, काही कळणार नाही" म्हणून तुम्ही तो निकालात काढलात. आणि खरं दुखणं सुईचं नव्हतंच, हे फक्त तुम्हाला कळलं. चिमट्यात यावेत म्हणून केस दोन-तीन दिवस वाढवावे लागतात; साडी नेसून, टिकली लावून, खुंट घेऊन माणसांत वावरायचं. "सोमवारी पहाटेची वेळ घे, शनिवार-रविवार घराबाहेर पडू नकोस, भाजी मी आणून देते." आणलीत. सोबत न मागता कोल्हापुरी मिसळीचा डबाही, जो सुजलेल्या ओठांनी खाणं हा आणखी एक उपचार होता.

पुण्याची एक मैत्रीण विचारत होती, आपल्याकडे काय? २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात विमा योजनेच्या कलमात शस्त्रक्रिया, हार्मोन्स आणि लेझर यांचा उल्लेख आहे, इलेक्ट्रोलिसिसचा शब्दाने नाही. पण पुढे 'किंवा इतर आरोग्यविषयक बाबी' असंही आहे. तुम्हाला ते दाखवलं तेव्हा तुम्ही लगेच 'इतर'वर बोट ठेवलंत. तुमची सवय कुठे जाणार!

अपिलाच्या दोन्ही पत्रांतून नाव-गाव काढून मी नमुना तयार केलाय. कुणाला हवा असेल तर देते, तुम्ही हो म्हणालात म्हणूनच. बाकी एक काम निघालंय: मंजुरी वर्षाचीच होती, नूतनीकरणाचा कागद कालच आला. त्यात पुन्हा 'लेझर करून पाहिलं का' असं विचारलंय. शनिवारी येते, वही घेऊन. जेवायलाही थांबेन.

तुमची,
एडिसनची धाकटी