1 एप्रिलची बिले 31 मार्चला

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
12 एप्रिल (महिना मुद्दाम अक्षरी लिहिला आहे, कारण पुढे कळेल.)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डेटा मायग्रेशनमध्ये बिघडलेल्या तारखांबाबत तक्रार

स.न.वि.वि.

आमच्या फाउंड्रीचा डेटा तुम्ही 5 एप्रिलला एसक्यूएल सर्व्हर या जुन्या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या नव्या डेटाबेसवर नेलात. रेकॉर्डची संख्या जुळली म्हणून काम पूर्ण झाल्याच्या कागदावर माझी सहीही घेतलीत. संख्या जुळली हे खरे, पण तारखांकडे कुणी पाहिलेच नाही.

जीएसटीआर-1 (महिन्याच्या विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) भरायची मुदत 11 तारखेची. 10 ला संध्याकाळी आमच्या अकाउंटंटना मार्चच्या यादीत 1 एप्रिलची बिले सापडली आणि 1 मार्चची गायब. जुन्या सिस्टिममध्ये बिलाच्या तारखेपुढे वेळ भरत नव्हतो, म्हणजे मध्यरात्रीचे 00:00. तुमच्या प्रोग्रामने ते यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) नेताना साडेपाच तास वजा केले आणि स्क्रीनवर तसेच दाखवले. 1 एप्रिलची झाली 31 मार्च, संध्याकाळचे 6:30. आर्थिक वर्षच बदलले की! त्या रात्री आम्ही दोघांनी बिलांच्या कार्बन प्रती काढून यादी हाताने केली.

भट्टीचे तर विचारू नका. तिसऱ्या पाळीत रात्री 2 ला ओतलेली हीट (भट्टीतला एका वेळचा धातू) आदल्या रात्री साडेआठला, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या नावावर दिसते. कास्टिंगला (ओतीव भागाला) तडा निघाला की ग्राहक हीट नंबरवरून पाळी विचारतो. भट्टीपाशी पेन्सिलीने लिहिलेली वही होती, म्हणून निभावले.

देय तारखांचा घोळ वेगळाच. त्या मजकूर म्हणून साठवलेल्या होत्या. 04/05 म्हणजे आमचा 4 मे, तुमच्या प्रोग्रामने वाचला 5 एप्रिल. 6 तारखेला पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला 'रक्कम थकली आहे' अशी मेल आपोआप गेली. त्यांची माफी मी मागितली. 13 पासून पुढचे दिवस तेवढे वाचले, कारण तेरावा महिना नसतो (अधिक मासात आमच्या पंचांगात तेरा होतात, पण ते संगणकाला कोण सांगणार). त्यामुळे वरवर चाळली तर यादी बरोबरच वाटते.

नोकरी सोडल्याची तारीख ज्यांची रिकामी, ते सगळे कामगार 1 जानेवारी 1970 ला, म्हणजे संगणकाच्या शून्य तारखेला, सोडून गेलेत. त्यातले बरेचसे तेव्हा जन्मलेही नव्हते.

फोनवर तुमचे इंजिनिअर म्हणाले, "किरकोळ आहे, सगळीकडे साडेपाच तास मिळवून देतो." कृपया तसे करू नका. 5 एप्रिलनंतर आम्ही केलेल्या नोंदी बरोबर आहेत, त्या बिघडतील. आणि उलटलेले दिवस-महिने तास मिळवून सुलट होत नाहीत.

जुना सर्व्हर मी चालू ठेवला आहे. तिथून डेटा पुन्हा आणा. बिलाच्या कॉलममध्ये निव्वळ तारीख ठेवा, वेळ नको. देय तारखा दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने वाचा. रिकामे ते रिकामेच राहू दे. मग दर महिन्याच्या 1 तारखेची बिले जुन्या-नव्यात समोरासमोर धरून ताळा करून दाखवा. आमचे अकाउंटंट शेजारी बसतील.

हे 20 एप्रिलपर्यंत व्हावे. राहिलेला हप्ता ताळा जुळल्यावर मिळेल.

आपला,
फाउंड्रीचालक