वाट दाखवायला

ता. औसा, जि. लातूर
दि. २ नोव्हेंबर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

डब्लिनहून पाठवलेला तुझा हॅलोविनचा फोटो बघितला, भोपळा कोरून केलेल्या दिव्याचा. तुझ्या आईनं आधी भोपळाच निरखला. "अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी गड्यानं चालवायची, तेवढं तरी पाळलंय. पण आतला गर फेकून दिला का, ते विचारा." तर विचारलं. मी मात्र दिवा बघत होतो. तो तू दारात, रस्त्याकडं तोंड करून ठेवलायस.

तू लिहिलंस, इथली पितरं दारोदार चॉकलेटं मागतात. हसलो. पण लेकरा, हॅलोविनला तू अमेरिकेचं फॅड म्हणतोस, त्याचं मूळ तू राहतोस तिथलंच आहे. सुगी संपून हिवाळा लागतो त्या सांध्यावर आयर्लंडात साविन नावाचा सण पाळत. पुढं चर्चनं १ नोव्हेंबर संतांना दिला आणि २ नोव्हेंबर, म्हणजे आजचा दिवस, सगळ्या मृतांना. दिवे सलगम कोरून करत. १८४५ पासून बटाट्याचा दुष्काळ पडला, माणसं जहाजं भरभरून अमेरिकेला गेली आणि तिथं त्यांना भोपळा मिळाला. मोठा, कोरायला मऊ. माणसं जगायला बाहेर पडली की सणही गाठोड्यात बांधून नेतात. उसाच्या फडावर दिवाळी करणाऱ्या आपल्याकडच्या टोळ्यांना हे सांगावं लागत नाही.

तिथल्या जुन्या घरांतून मृतांच्या रात्री दाराला कडी लावत नसत. चुलीत विस्तव ठेवत, भोवती बसायला जागा मांडत. हे वाचलं तेव्हा मला तुझी आजी आठवली.

३० सप्टेंबर १९९३. रात्री गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगड-मातीच्या भिंती आणि वरून माळवदाची टनावारी माती. मी शेतात राखणीला होतो म्हणून राहिलो. तुझे आजोबा आणि धाकटी आत्या आतच राहिले. पितृपंधरवडा तोंडावर आलेला. त्या वर्षी कुणी कुणाचं पितर घातलं नाही. कढी-वडे करायला चूल नव्हती, घास ठेवायला छप्पर नव्हतं.

मग ५२ गावं नव्या जागी वसली. आपल्यालाही घर मिळालं. सरळ रस्ते, सगळी घरं एकसारखी. पहिल्या भाद्रपदात पानं वाढून झाली आणि आजी उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "त्यांनी हे घर कधी बघितलंय? यायचे कसे?"

मी शिकलेला मास्तर, पण मला उत्तर आलं नाही. नंतर वाचत गेलो तसं कळलं, हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला दारापासून घरातल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, रंगानं आणि वासानं घर सापडावं म्हणून. झेंडू मूळचा तिकडचाच. आपण दसऱ्याला त्याची तोरणं बांधतो. जपानात ओबोनला, म्हणजे त्यांच्या पितरांच्या सणाला, दारापुढं छोटा जाळ करतात. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, पितरांनी लवकर यावं म्हणून. आणि वांग्याचा बैल, जाताना सावकाश जावं म्हणून. तुझ्या आईला हे भारी आवडलं. कंबोडियातले लोक तर आपल्याच भाद्रपदात पहाटे भाताचे गोळे ठेवतात. त्यांच्या या 'पचुम बेन' सणाच्या नावातला 'बेन' म्हणजे आपलाच पिंड. आणि लांब कशाला, शब-ए-बारातला आपले शेजारी चाचा कब्रस्तानात उदबत्त्या लावायला जातात तेव्हा तू लहानपणी त्यांची पिशवी धरून जायचास.

आजीनं तिचा तोडगा तिनंच काढला. एक घास नव्या घराच्या छतावर आणि एक जुन्या गावात, ढिगाऱ्यावर बाभळी माजल्यात तिथं. तिथला कावळा लवकर शिवायचा. "ओळखीचा हाय," म्हणायची. ती गेली तरी मी दोन्ही घास ठेवतो. आता पानात तिचंही नाव असतं, आणि ती कुठल्या घासावर येते हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा जुन्या गावापर्यंत गुडघ्यांनी साथ दिली नाही. पाण्याच्या टाकीपाशीच बसलो, घास शेजारच्या पोराकडून पाठवला. त्याला जागा सापडली म्हणाला, पण त्याला आपलं घर कुठं होतं ते काय माहीत. पुढच्या भाद्रपदात आठ दिवसांची रजा मिळते का बघ. पडकी वेस, तिच्या डाव्या हाताला चिंच, चिंचेपासून चौथं घर. एकदा चालून दाखवतो.

तुझा,
अण्णा