साडेतीन टक्के आणि चार हुतात्मे

मा. संपादक,
स. न.

राष्ट्रवाद हा साम्राज्यवादाचाच धाकटा भाऊ, म्हणून एकाविरुद्ध दुसऱ्याचे समर्थन करता येत नाही, असे अलीकडे पुष्कळदा वाचायला मिळते. गिरण्यांच्या या सोलापुरात ते पटत नाही.

परकी सत्ता नेमकी कळते ती कराच्या वहीत. 1894 साली सरकारने आयात कापडावर 5 टक्के जकात बसवली आणि लँकेशायरवाले, म्हणजे इंग्लंडातले कापडगिरणीवाले, बिथरू नयेत म्हणून देशी गिरण्यांच्या 20 नंबरवरच्या (नंबर जितका मोठा तितके सूत बारीक) सुतावरही 5 टक्के अबकारी, म्हणजे देशात तयार झालेल्या मालावरचा कर, लावली. तरी त्यांची ओरड थांबेना. मग 1896 मध्ये सूत करातून मोकळे केले, आयात कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि देशी गिरण्यांच्या सगळ्या कापडावर तेवढीच अबकारी ठोकली, अगदी जाड्याभरड्यावरही. लँकेशायरचा माल बारीक सुताचा, आपल्या गिरण्यांचा बहुतांशी जाडा. म्हणजे जिथे स्पर्धाच नव्हती तिथेही कर! तो थांबायला 1925 चा डिसेंबर उजाडला. एवढी वर्षे एकटा मालक किंवा एकटा कामगार कोणाकडे दाद मागणार होता? त्यासाठी ‘आम्ही’ म्हणणारे कोणीतरी लागते. राष्ट्रवादाची गरज इथे पडते.

त्या ‘आम्ही’त कोण होते, हेही सोलापूरने दाखवले. 12 मे ते 30 जून 1930 इथे मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल होता. झेंडा हातात धरला म्हणून सक्तमजुरी झाली. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन वेगवेगळ्या समाजांतले होते.

मात्र प्रतिकारातून मिळालेले हे समर्थन कायमचे नसते. जपान पाहा. 1858 च्या तहांनी परकीयांना जपानी न्यायालयांतून सूट मिळाली, जकात ठरवण्याचा हक्क गेला. त्याविरुद्धचा जपानी संताप रास्तच होता. पण ते तह अजून मानेवर असतानाच, 1876 मध्ये, जपानने कोरियावर तसलाच तह लादला आणि 1910 मध्ये कोरिया गिळला. ‘हे कोणावरच होऊ नये’ असे म्हणण्याऐवजी ‘आमच्यावर होऊ नये’ एवढीच मागणी उरली, तिथे बिघडले.

त्याच जपानशी झुंजणाऱ्या चीनला 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. देश स्वतः पारतंत्र्यात असताना! त्यांतले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. 9 डिसेंबर 1942 रोजी ते तिकडेच वारले, अवघ्या 32 व्या वर्षी.

म्हणून शाळांना एक विनंती आहे. 12 जानेवारीला चार पुतळ्यांना हार घालाल, तेव्हा मुलांना साडेतीन टक्क्यांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा, 1876 चा तह समजावून सांगा आणि कोटणीसांचे नावही त्याच दिवशी घ्या.

– एक वाचक, सोलापूर