आबा, गोळी बंद करू नका

डॅलस, टेक्सास

ती. आबांना शिरसाष्टांग नमस्कार,

काल आई फोनवर म्हणाली, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केलीत. वर तिलाच ऐकवलंत, "पांढरा रस्सा सोडला, गंगावेशीतलं धारोष्ण दूध सोडलं, आता कोलेस्टेरॉल येणार कुठनं?"

तुमच्याच यकृतातनं, आबा! शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं.

माझं इथलं रोजचं काम हेच. माणसाच्या यकृताच्या गाठीतून कधीकाळी वाढवलेल्या पेशी ३७ अंशांवर गुलाबी द्रवात ठेवलेल्या असतात. त्यांचं बाहेरून मिळणारं कोलेस्टेरॉल तोडायचं, वर तुमच्या गोळीतलंच स्टॅटिन घालायचं. दुसऱ्या दिवशी आरएनए (म्हणजे चालू जनुकांच्या नकला) मोजलं, की कोलेस्टेरॉल बनवणारं मुख्य एन्झाइम, एचएमजी-कोए रिडक्टेज, त्याचाच आकडा चढलेला. औषधानं ज्याला अडवलं, तेच पेशी जास्त बनवायला घेते. महाहट्टी जात!

यामागं एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते पेशीतल्या एका पडद्यात अडकून पडलेलं. तिथलं कोलेस्टेरॉल घटलं की स्कॅप नावाचं दुसरं प्रथिन त्याला पुढं नेतं, तिथं ते दोनदा कापलं जातं आणि सुटा तुकडा केंद्रकात जाऊन डीएनएवर बसतो. मग रिडक्टेजचं जनुक जोरात चालतं, आणि एलडीएल रिसेप्टरचंही. हा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या अंगाला येऊन रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत ओढतो. घरात टंचाई आली की सोसायटीतून उचल घ्यावी, तसं यकृत रक्तातून घेतं. तुमचा रिपोर्ट सुधारला तो मुख्यतः यामुळं. (हा रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. काम इथलंच, डॅलसचं.)

गोळी थांबली की टंचाई संपली. अडवलेलं रिडक्टेज मोकळं, रिसेप्टर कमी, आणि थोड्याच आठवड्यांत आकडा होता तिथं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणून.

दूध-रस्सा सोडलात ते मात्र वाया गेलं नाही. साय-तुपातल्या चरबीनंही हे रिसेप्टर कमी होतात.

आई हळूच म्हणाली, तुमच्या मांड्या दुखतात. गोळी सोडायचं खरं कारण ते असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. या आठवड्यातच जाऊन या, आणि जुने-नवे दोन्ही रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला ताईला सांगा.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू